बासरला जाण्याआधी

धर्माबाद मागे पडलं आणि तेलंगणाची हद्द लागली की बासर येतं. गोदावरीकाठचं ज्ञानसरस्वतीचं हे देऊळ आम्हां नांदेडकरांना परक्या राज्यातलं कधी वाटलंच नाही. लेकराला शाळेत घालण्याआधी बासरला न्यायचं आणि देवीसमोर त्याचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं, ही आमच्याकडच्या कितीतरी घरांची रीत आहे. तिकडे त्याला अक्षराभ्यासम् म्हणतात. वसंत पंचमीला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. यंदा आमच्याही घरात धाकट्या नातीला न्यायचं ठरतंय. ती चार वर्षांची आहे.

त्यावरून सूनबाईने मला एक प्रश्न विचारला. म्हणाली, "आई, देवीसमोर अक्षर गिरवायला तिला न्यायचं म्हणता आणि घरी मात्र हातात पेन्सिल देत नाही. दिवसभर रवा, कणीक, नाहीतर कापूस. हा खेळ आहे की अभ्यास? अभ्यास असेल तर तसं सांगा. आणि खेळच असेल, तर तो अभ्यासासाठी का करवून घेता?"

माझी उमेदीची सगळी वर्षं बालवाडीत गेली. लेकराचा हात लिहिता कसा होतो, याचं उत्तर मी झोपेतही देईन. पण सूनबाईचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता. मनात हेतू धरून खेळवलेला खेळ हा खेळ उरतो का? आणि उरत नसेल, तर आपण लेकराकडून काय हिरावून घेतो? देव, कर्म, फळ यांबद्दल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे विचारलं गेलं, तेच तिने रव्याच्या परातीकडे बोट दाखवून विचारलं होतं.

आधी हाताबद्दल सांगते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. वर्षं सरतील तशी ती एकेक करून हाड बनत जातात. शेवटच्याला तर नऊ ते बारा वर्षं लागतात. चार वर्षांच्या लेकराचं मनगट म्हणजे अजून अर्धं बांधलेलं घर. त्या हातात पेन्सिल देऊन दुरेघी वहीत अ-आ-इ भरायला लावलं, की ते पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा उचलतं, कागद फाटेपर्यंत दाबतं आणि पाचव्या अक्षराला "दुखतंय" म्हणतं. ते खरंच दुखत असतं. लिहिण्याआधी खांदा मोकळा व्हावा लागतो, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी अंगठा, तर्जनी, मध्यमा ही तीन बोटं. गांधीजींचं स्वतःचं अक्षर वाईट होतं आणि ते त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं. मुलांना अक्षरं शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावं, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीतल्या बालगृहात हेच करून पाहिलं. लेखणी धरायची सवय वेगळी आणि अक्षराचा आकार बोटाने ओळखणं वेगळं, असे दोन धागे त्यांनी सुटे केले. मग एके दिवशी गच्चीवर खडूने धुरांड्याचं चित्र काढता काढता एक मुलगा आपण होऊन शब्द लिहू लागला. त्याला लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या प्रशिक्षणात ही गोष्ट ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच काम शंखशिंपले, बिया, पानं, खडे घेऊन केलं, कारण आदिवासी पाड्यावर परदेशी साधनं कुठून येणार?

म्हणून आमच्या घरी सकाळी परात निघते. तिच्यात रव्याचा पातळ थर पसरायचा, बोट फिरवलं की खालचं स्टील चमकलं पाहिजे इतकाच. जाड थर झाला तर रेघ बुजते. नात त्यात आडव्या रेघा काढते, गोल काढते, पाऊस काढते. परात जराशी हलवली की सगळं पुसलं जातं आणि कोरी जागा पुन्हा समोर. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची, लाकडी फळीवर धूळ पसरून तिच्यावर काडीने गिरवायचं. आपल्या जुन्या गणितालाही धूलिकर्म म्हणत. कागद महाग होता म्हणून तसं होतं, हे खरंच. पण धुळीचा एक गुण कागदाला नाही. चुकलेली रेघ ती जपून ठेवत नाही. लाल पेनाने गोल करायला चूक मागे राहतच नाही.

बासरची कथा मला यासाठीच जवळची वाटते. व्यासमुनी गोदावरीत स्नान करून रोज मूठमूठ वाळू आणत आणि तीन ठिकाणी ठेवत. त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी आणि काली अशा तीन देवी साकारल्या, असं तिथे सांगतात. महाभारत रचणाऱ्याने विद्येची देवता घडवली ती रोजच्या मूठभर वाळूतून. कथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण ज्याने कुणी ती पहिल्यांदा सांगितली, त्याला शिकणं कसं घडतं हे नक्की माहीत होतं.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे येते. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, असाच एक पेच आहे. ईश्वराला कशाचीच उणीव नाही, मग त्याने हे जग का निर्माण केलं? काही हेतू होता म्हणावं, तर तो अपुरा ठरतो. हेतू नव्हता म्हणावं, तर एवढी मोठी कृती उगाच केली असं होतं. सूत्रकारांचं उत्तर आहे, ही लीला. शंकराचार्य त्यावर भाष्य करताना दोन दाखले देतात. ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा क्रीडावनात रमतो तो एक, आणि आपला श्वासोच्छ्वास हा दुसरा. बाहेरचं काही मिळवायचं नसताना जे आपसूक चालतं, ते.

नात रव्यात गोल काढते तेव्हा ती त्या श्वासाच्या अगदी जवळ असते. तिला 'ठ' काढायचा नसतो, गोल पुरा झाल्याचा आनंदही फार नसतो, बोट फिरतंय यातच सगळं आलं. आणि मी शेजारी बसून मनात मोजत असते: गोल डावीकडून सुरू झाला का, रेघ जुळली का, मनगट वळलं का. एका परातीवर दोन माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टी करत असतात. माझा हेतू माझ्या तोंडावाटे बाहेर पडला की तिची लीला तिथेच संपते. बालवाडीत हे मी वारंवार पाहिलंय. "वा, छान! आता असे अजून पाच काढ," असं कुणी म्हटलं की लेकरू पाच काढतं, पण सहावा काढत नाही. नाहीतर तो न सांगता काढला असता, सातवाही काढला असता.

मग हेतू टाकून द्यायचा का? काही पालक म्हणतात, मुलांना मोकळं सोडा, आपोआप शिकतील. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला मला माझ्या आईकडे जावं लागतं.

आई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची. गौरीचा पाळणा, तुळशीवृंदावन, गोपद्म, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, नाग, कासव. चिमटीतून रांगोळी अशी सुटायची की रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. महालक्ष्म्यांच्या वेळी पांढऱ्या रांगोळीने उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायची, सगळी एका मापाची. तिच्या तिन्ही बोटांत जी पकड होती, ती माझ्या बालवाडीतल्या कुठल्याही लेकरात मी पाहिली नाही. आणि तिला तिचं नाव लिहिता येत नव्हतं. बँकेत अंगठा लावायची. हात आयुष्यभर तयार होता, त्याला अक्षर मात्र कुणी दिलं नाही.

विद्यारंभाचा संस्कार आपल्याकडे फार जुना, पण तो कुणासाठी होता? मुलींचे आणि गावकुसाबाहेरच्या लेकरांचे हात किती पिढ्या त्याच्याबाहेर राहिले. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्या अंगावर जे आलं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून हेतू सोडून द्या, खेळ म्हणजेच सर्वस्व, असं कुणी म्हटलं की मला आईचा शाईने माखलेला अंगठा आठवतो. लेकराला अक्षरापर्यंत नेणं हे मोठ्यांचं कर्तव्य आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. लीला हा लेकराचा हक्क आणि हेतू ही आपली जबाबदारी. अवघड आहे ते दोन्ही एका घरात नांदवणं.

माझं उत्तर मला देवघरात सापडलं. शिवणाच्या डब्याएवढा एक डबा आहे, त्यात कापूस असतो. आमच्याकडे कापसाला तोटा नाही, शेतातून येणाऱ्या कापसातली सरकीसुद्धा नातच काढते. सरकी काढणं म्हणजे अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरून ओढणं, आणि सरकी सहज सुटत नाही. मग फुलवात. कापसाचा पुंजका तळहातावर पसरायचा, मधला भाग चिमटीने वर ओढायचा आणि टोकाला पीळ द्यायचा. पीळ सैल झाला तर वात तुपात आडवी पडते. वस्त्रमाळ त्याहून अवघड. कापूस न तोडता लांब ओढत न्यायचा, ओल्या कुंकवाचं बोट लावून ठरावीक अंतरावर चिमटीत दाबायचं आणि पिळायचं, दोन चिमट्यांच्या मधला कापूस फुगलेला राहिला पाहिजे. नात हे करते तेव्हा तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते. मणी लहानमोठे होतात, कुंकू कोपरापर्यंत जातं. सुरुवातीला माळ तीन-चार मण्यांत तुटायची. आता गणपतीच्या फोटोला पुरेल एवढी होते.

ह्यात ती खेळत नसते आणि अभ्यासही करत नसते. संध्याकाळी दिवा लागणार आहे आणि त्याला वात हवी आहे. तिची वात सैल झाली तर दिवा नीट लागत नाही, हे तिला दिसतं. मला "चुकलं" म्हणावं लागत नाही. काम खरं असलं की लेकरू मोठ्या माणसासारखं वागतं. बाजारात हल्ली बोटांच्या व्यायामाची खेळणी मिळतात, चिमट्याने रंगीत गोळे या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. दोन दिवसांनी लेकराला कळतं की गोळे इकडेही तसेच आणि तिकडेही तसेच. बैलपोळ्याला मातीचे बैल करायचे, त्यांना शिंगं चिकटवायची, पाठीवर काडीने झूल कोरायची, याला मात्र ते कंटाळत नाही, कारण त्या बैलांची पूजा होणार असते. झेंडूच्या हाराचंही तसंच. जाड सुई आणि दोरा तेवढा मोठ्या माणसाने धरावा. वात कुणी वळली तरी काडी ओढायचं काम आमच्या घरी मोठ्यांचंच.

यावर मला कुणी विचारील की तुम्ही स्वतःचा हेतू देवाच्या आड लपवलात, एवढंच ना? वात वळून घेता ती दिव्यासाठी की पेन्सिलसाठी? मी स्वतःला हे बरेचदा विचारलंय. समजा, उद्या लिहिण्याची गरजच उरली नाही, तर मी नातीला वाती वळायला बसवीन का? बसवीन. म्हणजे दिवा हा माझा बहाणा नाही. हाताला पकड येते हे त्या कामाचं वरचं फळ, मिळालं तर आनंदच.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा सांगतात की बाहेरचं कर्म एकटं पुरत नाही. त्याला आतून मनाची जोड हवी, तिला ते विकर्म म्हणतात. ती जोड मिळाली की कर्माचं ओझं वाटेनासं होतं. हे दोघेही हाडाचे शिक्षक होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. लेकरांना निष्काम कर्म शिकवावं लागत नाही. मन आणि हात त्यांचे मुळात जोडलेले असतात, ते वेगळे करायला आपणच शिकवतो.

आमच्या गावात याचा वस्तुपाठ रोज चालतो. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात आजीआजोबांच्या शेजारी बसून लहान पोरं मटार सोलतात, लसूण निवडतात. त्याला तिथे सेवा म्हणतात. बालवाडीत मी बोटांच्या हालचालींची जी जी कामं घेत होते, ती बहुतेक सगळी तिथल्या फरशीवर चालू असतात आणि कुणी त्यांची नोंद ठेवत नाही. आमच्या गल्लीतल्या मुस्लिम घरांत बिस्मिल्लाचा समारंभ होतो. रिवाजाप्रमाणे लेकरू चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याच्याकडून पहिले पवित्र शब्द म्हणवून घेतात. कुराणातल्या सर्वांत आधी अवतरल्या असं मानलेल्या आयतींत वाचण्याचा आणि लेखणीने शिकवण्याचा उल्लेख आहे. तेच लेकरू ईदच्या आधी अम्मीशेजारी बसून मेवा निवडत असतं. तीन धर्म, पण चार वर्षांच्या हाताकडे पाहण्याची नजर किती सारखी आहे. पहिलं अक्षर देवासमोर, आणि तोवर हाताला घरातलं खरं काम.

शाळांशी माझं भांडण आहे ते इथे. एका शाळेच्या प्रवेशाच्या वेळी नातीसमोर कागद ठेवून ‘नाव लिहून दाखव’ म्हणाले. लहान गटात! रव्यात ती नावातलं पहिलं अक्षर काढते, कागद पाहून मात्र बिचकली. सूनबाईचा चेहरा उतरला. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणातसुद्धा, 2020 च्या, या वयासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे. मग ही घाई कुणासाठी? गिरवून गिरवून भरलेल्या वह्या पालकांना दाखवायला बऱ्या असतात, पण त्या लेकराच्या नसतात. मी सूनबाईला म्हटलं, तिला त्या शाळेत घालू नका. ती म्हणाली, "बघते, आई." अजून ठरलेलं नाही, आणि तो निर्णय आईबापांचाच आहे.

पेन्सिल मी कायमची नाकारलेली नाही. दसऱ्याला आपल्याकडे पाटीपूजन असतं, एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढतात. यंदा ती नातीने काढली. पाटीवरची पेन्सिल कागदावरच्या पेन्सिलीपेक्षा थोडी अडते, म्हणून हाताला तिचा अंदाज येतो, आणि रेघ ओल्या फडक्याने पुसताही येते. एकच्या उभ्या रेघा तिरक्या गेल्या होत्या. आपट्याची पानं आणि झेंडू वाहून तीच पाटी पूजेला ठेवली.

बासरच्या बाबतीत आता एकच गोष्ट ठरवायची आहे. नात डावखुरी आहे. सरकी काढताना, वात पिळताना, रव्यात बोट फिरवताना तिचा डावा हात पुढे येतो. कुठला हात पुढे येणार हे या वयात अजून पक्कं होत असतं, पण तिचं पारडं कुठे झुकतंय हे मला दिसतंय. देवळात गुरुजी लेकराचा उजवा हात धरतात. घरातल्या मोठ्या मंडळींचं म्हणणं, एका दिवसाचा तर प्रश्न, देवापुढे उजवाच हात हवा. मला हे मान्य नाही. ज्या हाताने वर्षभर देवाची वात वळली, तो हात देवीला चालत नाही असं म्हणायचं, तर मग त्या वाती कुणी स्वीकारल्या? प्रसाद ती उजव्या हाताने घेईल, तेवढं शिकवलंय. अक्षर मात्र डाव्याने. निघण्याआधी मी देवळात फोन करून विचारणार आहे, आणि रांगेत आमची पाळी आली की गुरुजींना पुन्हा सांगणार आहे. ते नाही म्हणाले, तर दर्शन घेऊ, हळदीचा प्रसाद घेऊ आणि नदीवर जाऊ. गोदावरीकाठी वाळू आहे. तिथे तिच्या डाव्या हाताचं बोट धरून पहिलं अक्षर तिची आई गिरवून घेईल, असं सूनबाईने आणि मी ठरवलंय.